राहिलेली कानपिळी

शंतनूने पहिला मासा काढला आणि काढल्याकाढल्या दगडावर आपटला. एकदा नाही, तीनदा. मग उरलेलं काठावरच्या गवतात भिरकावलं आणि हात विजारीला पुसले.

"ट्रॅश फिश," तो म्हणाला. "ट्राउटच्या पाण्यात घुसतात साले."

रवींद्र आपल्या बुचाकडे बघत राहिला. आज त्याने बोलायचं नव्हतं, चिडायचं नव्हतं आणि कुणावर हात उचलायचा नव्हता. हे तिन्ही त्याच्या धाकट्या बहिणीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं. शंतनू त्या बहिणीचा नवरा.

नदी म्हणजे काय, आपल्याकडे तिला नाला म्हटलं असतं. एडिसनहून, बहिणीच्या घरापासून, सव्वा तासावर, न्यू जर्सीच्या डोंगराळ कोपऱ्यात, एका पडक्या गिरणीमागून वाहणारं आठ-दहा पावलं रुंद पाणी. गिरणीचा जुना बंधारा आणि त्याखाली एक हिरवागार डोह. या डोहात ट्राउट कमी आणि चब फार. जाड ओठांचा, चंदेरी, पैशाला पासरी मासा. कुणी खात नाही, कुणी फोटो काढत नाही. पण लाजाळू एवढा, की काठावर तुमची सावली पडली तरी अर्धा तास तोंड दाखवणार नाही. रवींद्रला तो पहिल्यापासून आवडायचा. लहानपणी पवनीला वैनगंगेवर ढिवरांच्या, म्हणजे कोळ्यांच्या, पोरांबरोबर तो बांबूच्या काठीने असलेच कुणाला नको असलेले मासे धरायचा. पीएचडीला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी आला, तिथेच नोकरीला लागला, तरी रविवारी ओढ्यावर जाणं काही सुटलं नव्हतं.

आणि या डोहाचा आणखी एक गुण होता. इथे फोनला रेंज नव्हती. रेंज यायला गाडीरस्त्याने दोन मैल चढून वर जावं लागे.

आदल्या संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांच्या आड निलूने, म्हणजे नीलांबरीने, त्याला सांगितलं होतं. "दादा, साडेतीनचं विमान आहे. डेट्रॉइटचं. तिथून माझी मैत्रीण इला मला आणि सियाला ॲन आर्बरला घेऊन जाईल. शेजारच्या वसुधाकाकू एअरपोर्टला सोडतील. तू फक्त यांना अडीच वाजेपर्यंत नदीवरून हलू देऊ नकोस. दाराच्या कॅमेऱ्यात बॅगा दिसतील, फोनवर लगेच कळतं यांना. रेंजमध्ये येऊ देऊ नकोस."

"मी त्याला..."

"काही करू नकोस. तू काही केलंस की मला भोगावं लागतं."

हे वाक्य रवींद्रच्या काळजात रुतून बसलं. कारण पुढचं तिने भाजी ढवळता ढवळता, मान वर न करता सांगितलं. मागच्या दिवाळीत तिने त्याला फोन केला होता. दादा, हे हात उचलतात. आणि या शहाण्याने, डॉक्टरेट मिळवलेल्या या गाढवाने, काय सांगितलं? की निलू, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, थोडं ॲडजस्ट कर. वर मोठेपणाने शंतनूला फोन केला. "शंतनूराव, जरा सांभाळून घ्या तिला." जावईमाणूस, त्याच्याशी अदबीनेच बोलायचं असतं ना! शंतनूही फोनवर गोड हसला होता. हो हो, काळजी करू नकोस. त्याच रात्री त्याने दाराच्या फटीत निलूची दोन बोटं धरून दार लोटलं. घरातली गोष्ट बाहेर सांगतेस म्हणून. ती बोटं अजून सरळ होत नव्हती.

सहा वर्षांची सिया बापाच्या गाडीचा आवाज आला की खेळणं उचलून टेबलाखाली जाऊन बसायची. हे रवींद्रने काल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा आज त्याने शंतनूला गळाला लावलं होतं. काल रात्री जेवताना नुसतं म्हणाला होता, "ट्राउट काय, तळ्यात पोसून सोडलेले पाळीव मासे. चब धरायला अक्कल लागते. शंतनूराव, तुम्हाला नाही जमायचं." बस. शंतनूला हरणं ठाऊक नव्हतं, आणि कुणी तसं म्हटलेलं तर मुळीच खपत नसे. पैज ठरली: सगळ्यात लांब चब ज्याचा, तो जिंकला.

युक्ती साधी होती. शंतनूला सतत बोटभर मागे ठेवायचं. माणूस मागे असला की घरी जात नाही.

दहाला शंतनूने अकरा इंची काढला, रवींद्रने बारा इंची. अकराला शंतनूने तेरा इंची, रवींद्रने चौदा. शंतनूकडे सहाशे डॉलरची काठी, छातीपर्यंतची रबरी विजार, डबीत पिसांच्या नकली माश्या. रवींद्रच्या अंगात जुनी चड्डी, पायात सँडल, दोरीला बूच आणि डब्यात निलूने पहाटे मळून दिलेली हिंग घातलेली कणीक. चण्याएवढी गोळी गळाला लावायची, वाकून, रांगत काठाशी जायचं आणि झुडपाच्या सावलीत अलगद सोडायची. बूच एकदा थरथरतं, मग तिरकं पाण्यात जातं. रवींद्र मासा हलकेच ओला हात लावून मोजायचा आणि परत सोडायचा.

शंतनू प्रत्येक मासा आपटत होता. एकाचा गळ निघेना तर त्याने जबडा उपटला. दुसऱ्याला टाचेखाली दाबून त्याने विचारलं, "काय रे, तुला बघवत नाही का?"

"सोडून द्यायचे असतात ते."

"तुम्ही सगळे असलेच. मऊ." तो टाच फिरवत म्हणाला. "तुझी बहीणही तशीच. ओरडायचंही धड कळत नाही तिला."

रवींद्रने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. त्याच्या हातातली कणकेची गोळी चपटी झाली होती. त्याने ती पुन्हा गोल केली, गळाला लावली आणि पंधरा इंची चब काढला. शंतनूचा चेहरा तांबडा झाला. त्याने आपली सहाशे डॉलरची काठी गुडघ्यावर घेऊन मोडली, तुकडे झाडीत फेकले आणि रवींद्रच्या हातातली काठी हिसकावून घेतली. कणकेचा डबाही घेतला.

"बघू तुझी अक्कल," तो म्हणाला.

आणि नशीब बघा. एक वाजून दहा मिनिटांनी बूच बुडालं ते वर आलंच नाही. काठी अर्धवर्तुळ झाली. मासा बंधाऱ्याकडे गेला, परत आला, मुळांत शिरायला धडपडला. शंतनूने त्याला नुसत्या जोरावर ओढत आणला. साडेसोळा इंच. असा चब रवींद्रनेही दोनदाच पाहिला होता. एरवी तो आनंदाने ओरडला असता. आज त्याने घड्याळाकडे पाहिलं.

शंतनूने त्याला दगडावर ठेवला, दुसरा दगड उचलला आणि डोकं ठेचलं.

"जिंकलो," तो म्हणाला. "चल, आवर."

"अजून एक तास, शंतनूराव. मला बरोबरी करू द्या."

"हरलेल्याला कसली बरोबरी?"

"मग जेवून तरी घेऊ. निलूने पराठे दिलेत."

पराठ्यांनी वीस मिनिटं दिली. शंतनू खाता खाता गप्प झाला, आणि तो गप्प झाला की वाईट, हे रवींद्रला एका रात्रीच्या मुक्कामात कळलं होतं.

"सकाळी सियाने शाळेची बॅग का घेतली होती रे?" शंतनूने विचारलं. "शनिवारी?"

"खेळत असेल."

"आणि वसुधाकाकू येणार होती. कशाला?" त्याने पराठा खाली ठेवला. "आणि तू मला अशा जागी आणलंस जिथे फोन लागत नाही."

तो उठला. रबरी विजारीच्या खिशात हात घालून गाडीची चावी आहे ना ते त्याने पाहिलं. फोन गाडीतच होता, पाण्यात पडेल म्हणून त्याने सकाळी तिथेच ठेवला होता. गाडी वर, वीस पावलांवर. तिथून रेंज पाच मिनिटं. दीड वाजून गेला होता. आता निघाला तर अडीचच्या आत फोनवर बॅगा दिसणार, आणि एअरपोर्ट घरापासून अर्ध्या तासावर. रवींद्रने एवढं मनात मोजलं आणि पायवाटेवर जाऊन उभा राहिला.

"बाजूला हो."

"नाही."

"हात लावणार आहेस मला?" शंतनू हसला. "लाव ना. इथला सिटिझन आहे मी. तू एच-वनवर. एक फोन केला की नोकरी, व्हिसा, सगळं गेलं. जा मग पवनीला मासे मारायला."

हे खोटं नव्हतं, निदान रवींद्रला तरी ते खरं वाटलं. तेरा वर्षं झाली होती त्याला या देशात. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून केस पिकायला लागले होते. तो जागचा हलला नाही.

शंतनूने पहिला ठोसा तोंडावर मारला. दात हलला, तोंडात खारट चव आली. दुसरा पोटात. रवींद्र वाकला, तसा शंतनू त्याच्या बाजूने निसटायला लागला, आणि रवींद्रने हात वर फेकला तो काहीतरी धरायला. खांदा, कॉलर, काहीही. हातात आला तो शंतनूचा उजवा कान.

कान हातात आला आणि रवींद्रला आठवलं.

निलूच्या लग्नाला तो गेला नव्हता. पीएचडीचं शेवटचं वर्ष, व्हिसाचा शिक्का संपलेला, गेलास तर परत येशील की नाही सांगता येत नाही असं सगळे म्हणाले. त्याने लग्न फोनच्या पडद्यावर पाहिलं. कानपिळीची वेळ आली तेव्हा नवरीचा भाऊ म्हणून मामाचा मुलगा कुश पुढे झाला. नवऱ्यामुलाचा कान धरायचा, पिळायचा, आणि बजावायचं की माझ्या बहिणीला नीट वागव. नवऱ्याने विचारायचं, काय पाहिजे? मग भावाने आहेर मागायचा, आणि आहेर हातात पडेपर्यंत कान सोडायचा नाही. कुशने लाजत लाजत चिमटा काढला, सुटाचं कापड घेतलं, सगळे हसले. रवींद्रही इकडे एकटाच हसला होता.

"माझी कानपिळी राहिलीय, शंतनू," तो म्हणाला. राव गेलं, तुम्ही गेलं. "आठ वर्षं राहिलीय."

आणि त्याने कान पिळला.

शंतनू किंचाळला. त्याने कोपर रवींद्रच्या बरगडीत घातलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आत काहीतरी कट्कन मोडलं. रवींद्रने पीळ आणखी एक आटा वाढवला. दोघे उतारावरून घसरत, मेलेल्या माशांवरून लोळत डोहात पडले. पाणी छातीएवढं आणि बर्फासारखं गार. शंतनूने त्याचे केस धरून डोकं पाण्याखाली दाबलं. रवींद्रच्या नाकातोंडात पाणी गेलं, कानात घणघण सुरू झाली. पण कान हातात होता. त्याने उलटा हात केला नाही, लाथ मारली नाही, ढकललं नाही. मारामारी करायची नाही असं त्याने बहिणीला सांगितलं होतं. कानपिळीचं काही ठरलं नव्हतं.

तो वर आला, खोकला, श्वास घेतला. शंतनूने तळातला दगड उपसला आणि त्याच्या कपाळावर हाणला. डाव्या डोळ्यावर रक्त उतरलं. पुन्हा हाणला, तो खांद्यावर बसला. पुन्हा हाणला, तो मनगटावर, कान धरलेल्याच हाताच्या. बोटं बधिर झाली, पण उघडली नाहीत. वैनगंगेत त्याने ढिवराच्या पोरांना कासव धरताना पाहिलं होतं. चावलं तरी सोडायचं नाही, सोडलं की दुसऱ्यांदा सापडत नाही. त्याने दुसरा हातही कानावर आणला आणि दोन्ही हातांनी पिळला. कानाच्या मुळाशी कातडी फाटली. ऊन ऊन रक्त त्याच्या बोटांवरून पाण्यात उतरायला लागलं.

शंतनूच्या रबरी विजारीत आता पाणी भरलं होतं. पाय उचलेनात. तो धडपडत होता, शिव्या देत होता, मग नुसताच ओरडायला लागला. निलूला ओरडता येत नाही म्हणणारा हा माणूस लहान मुलासारखा भोकाड पसरून रडत होता, आणि खरं सांगायचं तर रवींद्रला त्याची दया आली नाही. त्याला बरं वाटलं. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि आपल्याला बरं वाटतंय याची त्याला थोडी भीतीही वाटली.

"सोड! काय पाहिजे तुला? काय पाहिजे?"

रवींद्रच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. विधीतला प्रश्न होता तो, अगदी शब्दन् शब्द.

"आहेर," तो म्हणाला.

"काय?"

"गाडीची चावी."

शंतनूने आणखी दोन ठोसे मारले, पण त्यांत आता जीव नव्हता. मग त्याने चाचपडत खिशात हात घातला आणि चावी काढली. रवींद्रने ती डाव्या हाताने घेतली, जमेल तेवढ्या जोराने बंधाऱ्याखालच्या खोल पाण्यात भिरकावली, आणि मग कान सोडला. कान अर्धा लोंबत होता.

घड्याळाची काच फुटली होती, पण काटे दिसत होते. दोनला पाच कमी.

शंतनू काठावर चढला, विजारीतलं पाणी ओतलं, कानावर हात दाबून गाडीपर्यंत गेला आणि दगडाने स्वतःच्याच गाडीची काच फोडली. फोन काढला. रेंज नव्हती. तो जड झालेल्या विजारीनिशी चढावर चालत निघाला, मागे वळून वळून शिव्या देत. दोन मैल. ओल्या रबरात, रक्त गळत. पाऊण तास तरी सहज लागणार होता. रवींद्र काठावर येऊन पालथा पडून त्या शिव्या दूर जाताना ऐकत राहिला. अंगाशेजारी साडेसोळा इंची चब पडला होता, त्यावर माश्या जमल्या होत्या. त्याने तो हाताने ढकलून पाण्यात सोडला. त्याचा काही उपयोग नव्हता.

साडेतीनला वर विमानाचा आवाज आला. कुठलं कुणास ठाऊक. त्याने ते निलूचंच धरलं.

पोलीस आले ते चारला. दोघे होते, एक तरुण आणि एक वयस्कर बाई. शंतनूला आधीच दवाखान्यात पाठवलं होतं. बाईने रवींद्रचं कपाळ पाहिलं, बरगडीवर हात ठेवला तसा तो कळवळला. तरुणाच्या हातात वही होती.

"तो म्हणतो तू त्याच्यावर हल्ला केलास," तो इंग्रजीत म्हणाला. "तू काय केलंस?"

"कान पिळला."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

तरुणाने त्याच्या सुजलेल्या डोळ्याकडे, फुटलेल्या ओठाकडे, काळ्यानिळ्या मनगटाकडे पाहिलं. "का पिळलास?"

रवींद्रने इंग्रजी शब्द शोधला. तेरा वर्षांत या शब्दाची गरज पडली नव्हती. "आमच्यात रीत आहे," तो शेवटी म्हणाला. "लग्नात नवरीचा भाऊ पिळतो."

"लग्न कधी होतं?"

"आठ वर्षांपूर्वी."

तरुणाचं पेन थांबलं. बाईने मात्र विचारलं, "तुझी बहीण आता कुठे आहे?"

"सुरक्षित आहे."

बाई तरुणाला म्हणाली, लिही, आणि त्याने सगळं लिहिलं. पुढे काय व्हायचं ते वकील आणि कोर्ट ठरवतील असं तिने नीट समजावून सांगितलं. व्हिसाबद्दल त्याने विचारलं. मला माहीत नाही, ती म्हणाली.

दवाखान्याच्या वाटेवर चढ संपला आणि खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन थरथरला. तीन बाराचा मेसेज. "बसलो विमानात. सिया खिडकीत." त्याने तो चारदा वाचला. एका डोळ्याने वाचायला वेळ लागत होता.

सहाला, बरगड्यांना पट्टा बांधत असताना, निलूचा फोन आला. मागे विमानतळाचा गलका होता आणि इलाचा आवाज. सिया कुणाला तरी इंग्रजीत मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. ही मुलगी मोठ्याने बोलू शकते हे त्याला आजच कळलं.

"पोचलो, दादा," निलू म्हणाली. "तू ठीक आहेस ना?"

"ठीक आहे."

"आवाज असा का येतोय? दादा, मारलंस का त्यांना? मी सांगितलं होतं ना."

"नाही मारलं, निलू. शप्पथ. फक्त कान पिळला. माझी कानपिळी राहिली होती ना."

पलीकडे ती हसली. पहिल्यांदा खुदकन, मग मोकळी, पोटातून, लहानपणी हसायची तशी. रवींद्रही हसला, बरगडी दुखली तरी हसला. नर्स पट्टा हातात धरून थांबली.

हसता हसता निलूचा आवाज बदलला.

"दादा," ती म्हणाली, "मग दिवाळीत का नाही रे पिळलास?"

फोन हातात तसाच राहिला. नर्सने हात वर करायला सांगितला आणि त्याने तो वर केला. निलूने उत्तर मागितलं नाही. सियाला भूक लागलीय, ती म्हणाली, आम्ही निघतो.